वार : माय-लेकरांमधील मध्यस्थ

गर्भाला आईच्या देहाशी जोडणाऱ्या अवयवास आपण 'वार' म्हणतो. आयुर्वेदाचे ग्रंथ त्यास 'अपरा' म्हणतात. बाळंतपणानंतर पुरून टाकण्याच्या या मांसखंडाने वैद्यकाच्या इतिहासात केवढे कोडे घातले, हे वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

गर्भाचा अर्धा वारसा पित्याकडचा. म्हणजे आईच्या देहाला तो अर्धा परकाच. परक्याची कातडी अंगावर बसविली तर शरीर ती झिडकारते. मग गर्भ नऊ महिने टिकतो कसा? हा प्रश्न १९५३ साली इंग्लंडात पीटर मेडावर यांनी मांडला. गर्भ आईपासून अलग राहत असावा, अपक्व असल्याने ओळखू येत नसावा, अथवा आईची प्रतिकारशक्ती मंदावत असावी, असे तीन तर्क त्यांनी केले.

आदल्याच वर्षी मुंबईत डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया प्रभृतींनी 'बॉम्बे' रक्तगट जगापुढे आणला होता. या गटाच्या आईच्या रक्तात 'एच' द्रव्याविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात, आणि मुलाच्या रक्तात ते द्रव्य बहुधा असतेच. तरीही मूल सहसा सुखरूप जन्मते; कारण ही प्रतिद्रव्ये मुख्यतः मोठ्या रेणूंची असतात व वार ती पलीकडे जाऊ देत नाही.

परंतु वार ही नुसती भिंत नव्हे. १८९३ सालीच जर्मनीत श्मोर्ल यांना गर्भारपणातील आकडीने दगावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी आढळल्या होत्या. पुढे १९९० मध्ये या पेशींवर 'एचएलए-जी' ही खूण सापडली. ती आईच्या मारक पेशींना आवर घालते. १९९८ मध्ये उंदरांत ट्रिप्टोफॅन मोडणारे विकर बंद पाडताच परक्या वंशाच्या पित्याचे गर्भ नष्ट झाले. २००४ मध्ये उंदरांतच दिसून आले, की आईच्या नियामक पेशी नसल्यास असा गर्भ टिकत नाही. म्हणजे आईची शक्ती झोपी जात नाही. वार तिच्याशी बोलणी करून तिला कामास लावते. गर्भाशयातील मारक पेशीदेखील रक्तवाहिन्या रुंदावण्यास साहाय्य करतात.

ही बोलणी फिसकटली, वाहिन्या अरुंद राहिल्या, की गर्भिणीचा रक्तदाब चढण्याचा धोका वाढतो. हुबळीत १९५७ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे; तरी अशा वेळी सुनेचा पायगुण काढणारी घरे आमच्या हुबळी-धारवाडातही आहेत. देवाची ओटी अवश्य भरावी. पण रक्तदाब वेळोवेळी मोजून घ्यावा, आणि जो दोष त्या माउलीचा नव्हेच, तो तिच्या माथी मारू नये.