जबाबदार खरेदी : इलेक्ट्रॉनिक उद्योगातील पुरवठादार-मानके, नाशिकच्या संदर्भात

आपण विकत घेतलेला माल कोणाच्या हातून, कोणत्या मजुरीवर, किती तासांच्या श्रमाने आणि कोणत्या नदीच्या वा डोंगराच्या जिवावर तयार झाला याची चौकशी करण्याचे आणि त्यात आढळणाऱ्या अन्यायाबद्दल स्वतःही उत्तरदायी राहण्याचे दायित्व खरेदीदाराने पत्करणे, यास जबाबदार खरेदी म्हणतात. आणि या दायित्वापोटी खरेदीदार आपल्या करारनाम्यात ज्या शर्ती घालतो त्या पुरवठादार-मानके होत. दूरचित्रवाणी, धुलाईयंत्र, भ्रमणध्वनी, संगणक, विजेचे दिवे अशा घरगुती वापराच्या वस्तूंच्या उद्योगात हे दायित्व विशेष बिकट असते. ज्या कंपनीचे नाव वस्तूवर छापलेले असते तिने त्या वस्तूचे बहुतेक भाग स्वतः केलेले नसतात, ते भाग करणाऱ्यांनीही आपले सुटे अवयव इतरांकडून घेतलेले असतात, आणि या उतरंडीच्या तळाशी एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा-पंधरा माणसांनिशी चालणारा कारखाना किंवा परदेशातील एखादी खाण असते.

नाशिक हे या विषयाचा विचार करण्यास फार उपयुक्त ठिकाण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आल्यानंतर सातपूर व पुढे अंबड येथे ज्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि सातपुरास 'नाईस' या नावाने परिचित असलेली जी सहकारी औद्योगिक वसाहत लहान उद्योजकांनी उभारली, त्यांत स्विचगियर, मापनयंत्रे व इलेक्ट्रॉनिक घटकभाग यांचा व्यवसाय रुजला. सातपूरच्या फिल्म कपॅसिटरच्या कारखान्याचा इतिहास या उद्योगाच्या जागतिक घडणीचाच एक लहान नमुना होय : जर्मनीची सीमेन्स व जपानची मात्सुशिता यांच्या भागीदारीतून निर्माण झालेला हा व्यवसाय १९९९ पासून एप्कॉस या नावाने चालला व त्यानंतर दशकभरात टीडीके या जपानी कंपनीच्या मालकीखाली गेला. याउलट ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स ही १९८२ मध्ये स्थापन झालेली नाशिकचीच कंपनी विद्युत्-मापनयंत्रे बनवीत इतकी वाढली की, २०११ मध्ये तिने पोलंडमधील लुमेल ही कंपनी आपल्याकडे घेतली. अशा मोठ्या कारखान्यांभोवती साचे, पत्र्याचे भाग, प्लास्टिकची आवरणे, मुलामा आणि तारांचे जोड यांचे जॉबवर्क करणाऱ्या शेकडो शेड आहेत. त्यांत पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतून, खानदेश-मराठवाड्यातून आणि अलीकडे उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेली माणसे काम करतात. तयार वस्तूंची जुळणी पुणे जिल्ह्यातील रांजणगावसारख्या ठिकाणी अधिक होते. नाशिकचा वाटा प्रामुख्याने वस्तूच्या पोटात दडलेल्या, ग्राहकाच्या दृष्टीस कधीही न पडणाऱ्या भागांचा आहे, आणि म्हणूनच येथील कामगारही त्या ग्राहकास अदृश्य राहतो.

पुरवठादार-मानके ही परदेशी कंपन्यांनी भारतास दिलेली देणगी आहे, असा जो समज औद्योगिक वर्तुळात आढळतो, तो निराधार आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांस १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरखाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घालणारी दुरुस्ती आणि किमान वेतनाचे विधेयक यांचा पाया घातला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ही मर्यादा कायम करून जादा कामास दुप्पट मजुरी देण्याचे बंधन घातले. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे कायदे दोन आहेत. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने असे ठरविले की, ठेकेदाराने मजुरी बुडविल्यास ती मूळ मालकाने द्यावी व मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणजे काम दुसऱ्याकडून करवून घेतले तरी जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. जबाबदार खरेदीचे हे तत्त्व आपल्या विधिग्रंथात त्या वेळीच नोंदले गेले आणि आज ते नव्या श्रमसंहितांतही कायम आहे. दुसरा कायदा महाराष्ट्राचा स्वतःचा, १९६९ चा माथाडी अधिनियम. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संघटनेचे ते फळ. त्यान्वये माल चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या हमालाची मजुरी व तीवरील लेव्ही मालकाने माथाडी मंडळात भरावयाची आणि मंडळाने ती कामगारास द्यावयाची, अशी तजवीज झाली. नाशिकलाही असे मंडळ आहे. ज्या कामगाराचा मालक रोज बदलतो, त्यासही भविष्यनिर्वाह निधी, रजा व नुकसानभरपाई मिळू शकते हे या योजनेने सिद्ध केले. आंतरराष्ट्रीय संहिता लिहिणाऱ्यांनी तिचा अभ्यास केला असता तर त्यांच्या मसुद्यातील एक मोठी उणीव भरून निघाली असती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आरंभीच्या खासगी मानकांपैकी एक म्हणजे १९९७ ची एसए ८००० ही प्रमाणपत्र-पद्धती. इलेक्ट्रॉनिक उद्योगातील मोठ्या कंपन्यांनी २००४ मध्ये एक सामायिक आचारसंहिता तयार केली. ती चालविणाऱ्या संस्थेस २०१७ पासून रिस्पॉन्सिबल बिझनेस अलायन्स असे नाव आहे. श्रम, आरोग्य व सुरक्षितता, पर्यावरण, नीतिमत्ता आणि व्यवस्थापन ही तिची पाच अंगे. जादा कामासह आठवड्यास ६० तासांहून अधिक काम नसावे, सात दिवसांत एक सुटी असावी, नोकरी मिळविण्यासाठी कामगाराकडून कोणतीही रक्कम घेऊ नये, त्याचे मूळ दाखले व ओळखपत्रे अडकवून ठेवू नयेत, अशी तिची प्रमुख कलमे आहेत. प्रथम पुरवठादार स्वतःची प्रश्नावली भरतो, नंतर त्रयस्थ तपासनीस येऊन हजेरीपट, पगारपत्रके, आणीबाणीची दारे, रसायनांचे साठे पाहतो व कामगारांशी एकान्तात बोलतो. या तपासणीस २०० गुण असतात व आढळलेल्या त्रुटी मुदतीत दूर कराव्या लागतात.

नाशिकच्या वसाहतींत 'ऑडिट' हा शब्द आता पुरेसा रुळला आहे. मोठ्या कारखान्यात त्यासाठी स्वतंत्र खाते असते. परंतु लहान शेडचा मालक हाच यंत्रावरील कारागीर, हिशेबनीस व वसुली कारकून असतो आणि प्रत्येक खरेदीदाराच्या निरनिराळ्या नमुन्यांतील पृच्छांना तोच उत्तरे देतो. श्रमसंहितेप्रमाणे विजेवर चालणारा कारखाना 'कारखाना' ठरण्यास किमान २० कामगार लागतात आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी ५० कामगारांपासून लागू होतात. परिणामी लहान शेडवर सरकारी निरीक्षकाची नजर पडत नाही, खरेदीदाराचा तपासनीस बहुधा पहिल्या पायरीच्या पुरवठादारापर्यंतच येतो, आणि मुकादमामार्फत आलेला, हजेरीपटावर नाव नसलेला मजूर दोघांच्याही दृष्टीआड राहतो.

कागदाने जीव वाचत नाहीत. १ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव येथे प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात लागलेल्या भीषण आगीत कामगारांचे प्राण गेले. तो कारखाना या उद्योगाचा भाग म्हणून येथे सांगितलेला नाही. परंतु बाहेर पडण्याची वाट, अग्निशमनाची तयारी आणि आत नेमके किती लोक आहेत याची खरी नोंद, या तीन बाबी कोणत्याही संहितेत पहिल्या पानावर का असाव्यात हे जिल्ह्यातील प्रत्येकास त्या दिवशी कळले. जगातील अनुभवही असाच कठोर आहे. शेंझेनमधील फॉक्सकॉनच्या कारखान्यात २०१० मध्ये तरुण कामगारांच्या आत्महत्यांची मालिका घडली. तिच्यामुळे आणि नंतरच्या टीकेमुळे ॲपलने २०१२ मध्ये आपल्या पुरवठादारांची यादी प्रथमच प्रसिद्ध केली. भारतात डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकातील नरसापूर येथे विस्ट्रॉनच्या कारखान्यात मजुरीच्या तक्रारींतून दंगल उसळली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ वसतिगृहात राहणाऱ्या फॉक्सकॉनच्या कामगार मुलींना अन्नातून विषबाधा झाल्यावर त्यांनी महामार्ग अडविला. संहिता असूनही हे घडले. तपासनीसाने यंत्रशाळा पाहिली असेल. पण रात्री मुली जेथे झोपतात, जेवतात ती खोली तपासणीच्या कक्षेत येते की नाही, हा प्रश्न त्यानंतर विचारला गेला.

मानकांचा दुसरा भाग द्रव्यांविषयी आहे. कथील, टँटलम, टंगस्टन व सोने ही खनिजे काँगो व आसपासच्या प्रदेशांत सशस्त्र टोळ्यांच्या अर्थकारणास पोसतात असे निष्पन्न झाल्यावर अमेरिकेने २०१० मध्ये व युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्यांविषयी नियम केले. युरोपचे नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाले. फिल्म कपॅसिटरमध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या पापुद्र्यावर जस्त वा ॲल्युमिनियमचा सूक्ष्म लेप असतो, तेव्हा या खनिजांशी त्याचा संबंध नाही असे वरवर वाटते. परंतु त्याच्या तारांवरील व डाखातील कथील अखेर कोठल्यातरी भट्टीतून आलेले असते, आणि म्हणून कपॅसिटरच्या उत्पादकासही आपल्या कथिलाची भट्टी कोणती हे ठरीव नमुन्यात लिहून द्यावे लागते. आपल्याकडे अधिक निकडीचा प्रश्न मुलाम्याचा आहे. १ जुलै २००६ पासून युरोपने विद्युत्-वस्तूंतील शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम व दोन ब्रोमीनयुक्त द्रव्यसमूह यांवर मर्यादा घातल्या. भारतातही ई-कचरा नियमांद्वारे तशा मर्यादा आल्या. वस्तूत हे विष नसावे हे ठीकच; पण त्यामुळे मुलामा देताना उरलेल्या सांडपाण्याचा प्रश्न सुटत नाही. सातपूर वसाहतीतून वाहणारी नंदिनी, जिला लोक नासर्डी म्हणतात, पुढे गोदावरीस मिळते. युरोपीय ग्राहकाच्या स्वयंपाकघरातून क्रोमियम हद्दपार करणारे मानक नासर्डीच्या पाण्याविषयी मौन राखीत असेल, तर ते मानक अर्धेच आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

या सर्वांत जो भाग सर्वांत कमी चर्चिला जातो तो खरेदीदाराच्या स्वतःच्या वर्तनाचा. पुरवठादाराने ६० तासांची मर्यादा पाळावी अशी शर्त एका खात्यातून निघते, आणि त्याच कंपनीच्या खरेदीखात्यातून महिन्याच्या २० तारखेस मागणी दीडपट झाल्याची तार यावी तशी वर्कऑर्डर येते. मग जादा पाळ्या लागतात व हजेरीपट एक खरा आणि एक दाखवायचा असे दोन ठेवण्याचा मोह उत्पन्न होतो. दरवर्षी दर काही टक्क्यांनी उतरविण्याचा आग्रह, साच्याचा खर्च पुरवठादाराच्या माथी मारणे, माल नाकारून वजावट करणे आणि बिलांची थकबाकी, यांचा भार अखेरीस मजुरीवरच येतो, कारण पोलाद, तांबे व वीज यांचे दर लहान कारखानदाराच्या हाती नसतात. त्याच्या हाती असलेली एकच बाब म्हणजे माणसाची मजुरी. भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता चुकला म्हणून पुरवठादारास लाल शेरा देणाऱ्या तपासनीसाने, त्या पुरवठादाराचे बिल त्याच खरेदीदाराकडे किती दिवस अडकले आहे हेही त्याच कागदावर नोंदविले पाहिजे. प्रस्तुत लेखक ही बाब जबाबदार खरेदीची खरी कसोटी मानतो.

कायदा येथे खरेदीदारास मोकळा सोडीत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे बिल करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी सुलभीकरण परिषदा आहेत, नाशिक विभागातही आहे. आयकर कायद्यातील एका नव्या कलमाने २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा धरता येत नाही, असे ठरविले. असे असूनही परिषदेपुढे जाणारा पुरवठादार विरळा. कारण आज व्याज मागितले तर उद्या काम मिळणार नाही अशी सार्थ भीती त्यास असते. तेव्हा तक्रारीचा भार दुर्बलावर न ठेवता, खरेदीदाराने आपल्या थकबाकीचे कोष्टक स्वतःहून प्रसिद्ध करावे हे अधिक न्याय्य. सूचीबद्ध मोठ्या कंपन्यांस सेबीच्या आदेशान्वये २०२२-२३ पासून व्यवसाय-जबाबदारीचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो, आणि देयके सरासरी किती दिवसांत चुकती होतात याचा आकडा त्याच्या मुख्य भागात मागितला जातो. या आकड्याकडे नाशिकच्या उद्योजक-संघटनांनी, 'निमा' व 'आयमा' यांनी, पुरवठादारांच्या बाजूने बारकाईने पाहिले तर त्याचा उपयोग होईल. जर्मनीने १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेला पुरवठासाखळी-कायदा आणि युरोपीय संघाचा २०२४ चा निर्देश यांमुळे परदेशी खरेदीदाराकडून येणाऱ्या प्रश्नावल्या वाढण्याची शक्यता आहे. त्यांच्या उत्तरादाखल पुरवठादारानेही आपली प्रश्नावली पुढे करण्यास कोणताच कायदा आडवा येत नाही.

सरकारी खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याची, व्यवहारात 'एल-वन' म्हटली जाणारी, रीत रूढ असल्याने वरील विचारास फारसा वाव मिळालेला नाही. युरोपात अनेक विद्यापीठे व नगरपालिका इलेक्ट्रॉनिक्स वॉच या संस्थेच्या द्वारे एकत्र येऊन संगणक खरेदी करताना कारखान्यांची नावे उघड करण्याची व कामगारांच्या तक्रारींची दखल घेण्याची अट करारात घालतात. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ व महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही दोन राज्यव्यापी विद्यापीठे आहेत. संगणक, छपाईयंत्रे व त्यांची देखभाल यांवर त्यांचा नियमित खर्च होतो. त्यांच्या निविदापत्रात माल जुळविणाऱ्या कारखान्याचे नाव-ठिकाण, आणि विक्रेत्याने आपल्या लघुउद्योजक पुरवठादारांची देयके ४५ दिवसांत चुकती केल्याचा लेखापालाचा दाखला, ही दोन कलमे घालता येण्याजोगी आहेत.