तुरीतलं निळं फुलपाखरू आणि जुने साहेब लोक

होळी जवळ आली, पळस फुललाय, आणि बांधावरच्या उशिराच्या तुरीवर ते बारकं निळं फुलपाखरू परत आलंय. मागच्या वर्षी मी त्याचा फोटो टाकून 'गवतावरचं निळं' असं लिहिलं होतं. ते चुकलं. गवतावरच्याला शेपटी नसते, पंखाखाली नुसते ठिपके. याच्या मागच्या पंखाला केसासारखी शेपटी, तिच्या बुडाशी दोन काळे ठिपके. पंखाखाली तपकिरीवर पांढऱ्या लाटा, अन् कडेजवळ एक रुंद पांढरट पट्टा. नर वरून जांभळट निळा, मादी बरीचशी तपकिरी. इंग्रजीत याला पी ब्लू म्हणतात, म्हणजे वाटाण्याचं निळं. लिनियसने १७६७ सालीच त्याला शास्त्रीय नाव दिलंय.

पण नाव देणं वेगळं आणि ते काय खातं हे कळणं वेगळं. तसलं काम आपल्या मुंबई इलाख्यातही झालं. जेम्स डेव्हिडसन नावाचा एक इंग्रज सनदी अधिकारी आधी आपल्याच खानदेशात होता. १८८२ साली त्याने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी छापली. पुढे तो कारवारकडे गेला. तिथं मिठाच्या खात्यातला एटकेन (हा जन्माने सातारचा!) आणि जंगल खात्यातला बेल हे त्याचे सोबती. हे लोक नुसती जाळी घेऊन पळत नव्हते. अळी आणायची, तिचाच पाला तिला घालायचा, कोष होऊन काय बाहेर येतं ते बघायचं. १८९० साली डेव्हिडसन-एटकेनचा अळ्या-कोषांवरचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलात आला. १८९६ला तिघांनी मिळून कारवारकडच्या फुलपाखरांवर लिहिलं. पोराने मोबाईलवर ते जुने अंक काढून दिले. इंग्रजी मला अर्धंमुर्धंच कळतं, पण पद्धत कळली.

मग मीही केलं. भोकं पडलेल्या शेंगा काचेच्या बरणीत ठेवल्या, तोंडाला लुगड्याचा तुकडा बांधला. मला वाटलेलं घाटेअळी निघेल. ती लांबट, अंगावर पट्टे, अन् निम्मी शेंगेबाहेर लोंबते. ही निघाली चपटी, हिरवट, गोगलगायीसारखी. शेतात हिच्याभोवती मुंग्या असतात, कारण ती गोड रस सोडते आणि मुंग्या तिला राखतात. कोष झाला, आणि दहाव्या दिवशी बरणीत तेच निळं बसलेलं!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे अंडी घालतं कळीवर, फुलावर. अळी शेंगेत शिरली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. दोन वर्षं मी शेंगा भरल्यावर, भोकं दिसल्यावर फवारत होतो. पैसे गेले ते गेलेच, वर मधमाश्या मेल्या.

यंदा कळ्या सुटल्यापासून रोज सकाळी दहा झाडं बघतोय. एका झाडाच्या तुऱ्यावर आजच मुंग्यांची रांग दिसली.