धोटा आणि फूल

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही एखाद्या संपाचा इतिहास सांगू. गेली तीस वर्षे यंत्रमाग कामगारांत वावरणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ती कोणती असणार? आम्ही म्हणालो, "फिनलंडच्या एका बॅडमिंटन खेळाडू बाईंविषयी बोलावे म्हणतो." चिटणीस क्षणभर घुटमळले आणि त्यांनी विचारले, "ऑलिंपिकचे पदक कोणते मिळाले त्यांना?" आम्ही सांगितले, "एकही नाही." मग त्यांचा चेहरा जो झाला तो पाहून आमचा विषय पक्का ठरला.

फिनलंड हे नाव आपल्याकडे अगदीच परके नाही. १९५२ साली त्या देशाची राजधानी हेलसिंकी येथे ऑलिंपिक भरले आणि कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तेथे कुस्तीत ब्राँझपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली, ही गोष्ट आपल्या लोकांच्या तोंडी अजून आहे. खेळाडू मैदानावर काय करतो ते सर्वांना दिसते. तो तेथवर पोचतो कोणाच्या पैशाने, हे मात्र कोणी विचारीत नाही. आजचे आमचे बोलणे या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहे.

फिनलंडात हा प्रश्न एके काळी फार कडू झाला होता. १९१८ साली तेथे यादवी युद्ध झाले. एका बाजूस कामगारांचे लाल सैन्य, दुसऱ्या बाजूस पांढरे. चिमुकल्या देशात छत्तीस हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतली पुष्कळशी रणांगणावर नव्हे, तर नंतरच्या कैदी छावण्यांत, उपासमारीने आणि रोगांनी. लाल पक्षाकडून लढलेल्यांना क्रीडासंघटनेने बाहेर काढले, तेव्हा कामगारांनी १९१९ साली स्वतःचा वेगळा क्रीडासंघ उभारला. पुढे कित्येक दशके त्या देशात धावणाऱ्याला आधी ठरवावे लागे की आपण कोणत्या संघाकडून धावायचे. आमच्यासारख्याला या इतिहासाचे कौतुक वाटणे साहजिक आहे; पण आनूबाईंच्या काळापर्यंत ती भांडणे निवळली होती. तात्पर्य काय, तर खेळाडूला पोसायचे कोणी, हा वाद तिकडे नवा नाही.

आता खेळाकडे वळू. बॅडमिंटनची आणि आपली सोयरीक जुनी आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्या काळी त्याला 'पूना' असेच म्हणत. पुढे इंग्लंडात ड्यूक ऑफ बोफोर्टच्या वाड्याचे नाव त्याला चिकटले आणि आपले नाव मागे पडले. फिनिश भाषेत या खेळाला 'सुल्कापाल्लो' म्हणतात, म्हणजे पिसांचा चेंडू. सोळा पिसे, वजन जेमतेम पाच ग्रॅम. आपण त्याला फूल म्हणतो. इंग्रजीतले 'शटल' मात्र मूळचे मागावरचे आहे. ताण्यातून इकडून तिकडे पळतो तो धोटा, त्याच्यावरून या फुलाला ते नाव पडले. धोट्याच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या आम्हांला या खेळाविषयी जी ओढ वाटली ती इथून.

फिनलंडात मान आहे तो बर्फावरच्या हॉकीला, बर्फावरून घसरत जाण्याच्या शर्यतींना आणि भाला फेकणाऱ्यांना. तेथे बॅडमिंटन पुष्कळ लोक हौसेने खेळतात. पण डेन्मार्कात त्याला जी प्रतिष्ठा आहे, ती तिकडे नाही. अशा देशात १९७७ साली आनू वेकस्ट्रम यांचा जन्म झाला. वयाच्या विशीत त्या देशातल्या अव्वल खेळाडू ठरल्या, राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी अनेकदा मिळविले, आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकला गेल्या. मग २००४ साली अथेन्स, २००८ साली बेजिंग आणि २०१२ साली लंडन. चार ऑलिंपिके, सगळी एकेरीत.

ऐकायला हे सोपे वाटते. ऑलिंपिकात जागा मिळते ती जागतिक क्रमवारीवर, आणि क्रमवारी ठरते ती सुमारे वर्षभर देशोदेशी हिंडून जिंकलेल्या गुणांवर. आज एक शहर, चार दिवसांनी दुसरे. स्वस्तातले विमान, कुठल्या तरी क्रीडागृहाजवळची खोली, पहिल्या फेरीत हरल्यास दुसऱ्या दिवशी सामान बांधायचे. बक्षीस असते ते फेरीगणिक. जितक्या फेऱ्या जिंकाल तितके पदरात. आमच्या विणकराची मजुरी जशी कापडाच्या मीटरावर, तशीच ही. माग बंद पडला तर दिवस कोरडा.

येथे कोणी शंका काढील की, एका देशाचे दोनतीनच खेळाडू घ्यायचे असा नियम असल्यामुळे चीनच्या चांगल्या चांगल्या मुली घरी बसल्या आणि फिनलंडच्या बाईंना जागा मिळाली. नियम आहे हे खरे. पण तो नसता तर ऑलिंपिक म्हणजे चारपाच देशांची आपसांतली स्पर्धा झाली असती. आणि नियमाने दार किलकिले केले तरी बारा वर्षे त्या दारातून आत जात राहणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते.

त्यात या बारा वर्षांत खेळाचे नियमच पालटले. सिडनीत आणि अथेन्सला स्त्रियांच्या एकेरीचा डाव अकरा गुणांचा असे, आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे. समोरच्याची सर्व्हिस असताना बाजी जिंकली तर फक्त सर्व्हिस हाती येई. चिवट खेळाडूला यात सावरायला वाव असे. २००६ साली हे गेले आणि एकवीस गुणांचा डाव आला. सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक चुकीला समोरच्याचा गुण. तिशीला टेकलेल्या खेळाडूला हात, पाय आणि डोके नव्याने वळवावे लागले. साध्या मागावर वीस वर्षे काढलेल्या माणसापुढे एक दिवस बिनधोट्याचा माग आणून उभा करतात, तेव्हा त्याची काय गत होते ते आम्ही जवळून पाहिले आहे. कित्येक जण त्या दिवशीच घरी जातात. बाई बेजिंगला गेल्या.

बेजिंगला त्या गेल्या तेव्हा त्यांचे आडनाव निएमिनेन झाले होते. यजमान यार्को निएमिनेन हे टेनिसपटू. २००५ साली अमेरिकन खुल्या स्पर्धेत ते उपांत्यपूर्व फेरीत पोचले. चार मोठ्या स्पर्धांत तेथवर जाणारे ते पहिले फिनिश पुरुष. २००६ साली ऑकलंडला स्पर्धा जिंकून त्यांनी आपल्या देशाला एटीपीचे पहिले एकेरी विजेतेपद मिळवून दिले आणि त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत तेरावे स्थान गाठले. एका छपराखाली दोन खेळाडू, दोघांच्या हाती रॅकेट, दोघांच्या मध्ये जाळे. मजुरीचा दर मात्र पाहा. २०१२ साली विंबल्डनला पुरुषांच्या एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही साडेचौदा हजार पौंड मिळाले. बॅडमिंटनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत जिंकणाऱ्यालासुद्धा बक्षिसाची रक्कम नसते. पदक घ्यावे आणि घरी जावे. घाम तोच, सराव तितकाच. तिकिटे आणि दूरचित्रवाणीचे हक्क विकले जातात ते कुठे, यावर बाकीचे सारे ठरते. यात यार्कोंचा दोष नाही, हे सांगायला नकोच.

लंडनला पतिपत्नी दोघेही देशासाठी खेळली. यार्को विंबल्डनच्या हिरवळीवर उतरले, पहिल्या फेरीत त्यांनी आपल्या सोमदेव देववर्मनला हरविले आणि दुसऱ्या फेरीत अँडी मरेकडून हरले. मरेने पुढे सुवर्णपदक घेतले. आनूबाई वेंब्लीच्या क्रीडागृहात खेळल्या. वय पस्तिशीच्या उंबरठ्यावर. त्या वर्षी बॅडमिंटनमध्ये प्रथमच गटवार सामने ठेवले होते, आणि त्यातून एक लाजिरवाणा प्रकार घडला. पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून स्त्रियांच्या दुहेरीतल्या काही जोड्या मुद्दाम हरू लागल्या. फूल जाळ्यात मारायचे, सर्व्हिस बाहेर घालवायची. प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. १ ऑगस्ट २०१२ रोजी चीनची एक, इंडोनेशियाची एक आणि दक्षिण कोरियाच्या दोन, अशा चार जोड्या स्पर्धेतून काढून टाकल्या. पदकाची खरीखुरी आशा होती म्हणूनच त्यांना हरण्यात फायदा दिसला. त्याच क्रीडागृहात, त्याच आठवड्यात, पदकाची आशा नसलेली एक बाई प्रत्येक फुलामागे धावत होती. वर्तमानपत्रांचे रकाने कोणावर भरले, हे सांगण्याची गरज नाही. आम्ही त्या मुलींनाही फार दोष देणार नाही. त्यांच्यावर कोणाचा हुकूम होता की नव्हता यावर पुष्कळ वाद झाला. गटांची रचना ज्यांनी केली त्यांना मात्र कोणी स्पर्धेतून काढले नाही.

आता आमच्या धंद्याचा मुद्दा. फिनलंडात निवडक खेळाडूंना सरकार करमुक्त साहाय्यवेतन देते. क्रीडेला मिळणारा सरकारी पैसा दीर्घकाळ सरकारी लॉटरी कंपनीच्या उत्पन्नातून वेगळा काढला जाई. २०२४ पासून ही वेगळी थैली बंद होऊन सगळा हिशेब देशाच्या अंदाजपत्रकात गेला. म्हणजे आता खेळाडूला दवाखान्याशी आणि शाळेशी स्पर्धा करावी लागते. खेळाडूंच्या अपघात विम्याचा आणि निवृत्तिवेतनाचा कायदाही तिथे आहे, २००९ सालचा. तो वाचून आम्हांला आधी आनंद झाला, मग कलमे वाचली. ज्याला खेळाबद्दल वर्षाकाठी ठरावीक रकमेहून अधिक मोबदला मिळतो, त्याच्यासाठी तो आहे. बर्फावरच्या हॉकीवाल्याला संघ असतो, संघाचा मालक असतो, करारपत्र असते, खेळाडूंची युनियनही असते. एकटीने स्पर्धांमागे हिंडणाऱ्या बॅडमिंटनवालीचा मालक कोण? आयोजक? सामान पुरविणारी कंपनी? देश? आमच्याकडे अशीच गोष्ट घडली. एका विणकराचा हात मागात गेला, तेव्हा कारखानदाराने हजेरीपत्रक पुढे केले. त्यात त्याचे नावच नव्हते. नुकसानभरपाईसाठी आम्ही दोन वर्षे खेटे घातले.

लंडननंतर आनूबाई पाचव्या ऑलिंपिकला दिसल्या नाहीत. यार्कोंनी २०१५ च्या नोव्हेंबरात हेलसिंकीत निरोपाचा सामना खेळला. समोर रॉजर फेडरर होता आणि क्रीडागृह भरले होते. फिनलंडची बॅडमिंटन स्पर्धाही आता वाढली आहे. हेलसिंकीला लागून असलेल्या वांता गावी 'आर्क्टिक ओपन' भरते. २०२३ पासून तिचा दर्जा उंचावला आणि त्या वर्षी आपली सिंधू तेथे उपांत्य फेरीपर्यंत गेली. तेथेही हिशेब फेरीगणिकच आहे, आणि पात्रता फेरीत हरणाऱ्याला बक्षिसाच्या रकमेत वाटा नसतो.