हेल्पर की अप्रेंटिस? वायरमनचे काम शिकणाऱ्या मुलांसाठी

बमरोली, पांडेसरा, उधना भागातील आपल्या खानदेशी घरांत दहावीनंतर मुलगा वायरमन मामाच्या किंवा ओळखीच्या ठेकेदाराच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागतो. लूमच्या मोटारी, स्टार्टर, मिलचे पॅनेल असे सगळे काम तो शिकतो, पण चार वर्षांनी दाखवायला कागद नसतो. काम शिकवणाऱ्यांना आम्ही नावे ठेवत नाही, आपल्यातले कितीतरी जण असेच शिकले. पण शॉक लागला किंवा शिडीवरून पडला, तर अशा मुलाची जबाबदारी कोणी घेत नाही.

पगार घेत शिकण्याची कायदेशीर वाट आहे ती 1961 च्या अप्रेंटिस कायद्याची. अमेरिकेत इलेक्ट्रिशियनची युनियन आणि ठेकेदार मिळून असे प्रशिक्षण चालवतात. आपल्याकडे ते काम युनियनचे नाही. करार मालक आणि मुलगा यांच्यात होतो, त्याची नोंदणी सरकारकडे होते. मुलगा 18 वर्षांखालील असेल तर पालकाची सही लागते.

सरळ मार्ग असा: दहावी, मग आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, त्यानंतर एक वर्षाची अप्रेंटिसशिप. 2019 च्या नियमांनी आयटीआय झालेल्या मुलाला महिना किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरले. सही करताना त्या दिवशी लागू असलेला आकडा विचारावा. तीस किंवा जास्त माणसे असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे, म्हणजे मोठ्या डाइंग मिलमध्ये जाऊन विचारणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. नावनोंदणी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते. आधार, बँक खाते आणि गुणपत्रके तयार ठेवावीत. तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकच हवे. आपल्याकडे बहुतेक अर्ज इथेच अडकतात.

आता जे घरी कोणी सांगत नाही ते. कायद्याच्या भाषेत अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही. त्यामुळे कामगारांचे बरेच कायदे त्याला लागू होत नाहीत आणि वर्ष संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही. पण कामावर इजा झाल्यास भरपाई मिळते, कारखान्यातील सुरक्षेचे नियम त्यालाही लागू असतात आणि अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. एखादा ठेकेदार 'अप्रेंटिस आहे' म्हणत बारा तास राबवत असेल आणि नोंदलेला करार दाखवत नसेल, तर तो मुलगा हेल्परच आहे.

गावाकडचा पर्यायही सोडू नये. मध्य रेल्वे दरवर्षी अप्रेंटिस घेते, त्यात भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको वर्कशॉपमध्ये आणि मनमाडला जागा असतात. तिथे लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर निवड होते. रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल 1 भरतीत 20 टक्के जागा राखीव आहेत, मात्र ती परीक्षा द्यावीच लागते. आजी-आजोबा भुसावळला असतील तर राहण्याचा खर्चही वाचतो.

वर्ष संपल्यावर अखिल भारतीय ट्रेड परीक्षा द्यावी. बरीच मुले नोकरी लागली म्हणून ती सोडतात, मग राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही. स्वतंत्र काम करायचे असेल तर वायरमन परमिट वेगळे काढावे लागते, ते राज्याच्या विद्युत निरीक्षक खात्याकडे. प्रमाणपत्र आणि परमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही गल्लत आपल्याकडे नेहमी होते.

करार गुजरातीत किंवा इंग्रजीत असेल आणि घरात वाचणारे कोणी नसेल, तर सही करण्याआधी तो मंडळात घेऊन यावा. आम्ही वाचून सांगू.