कोंड्याचं आडनाव

‘डोक्यात कोंडा झालाय’ म्हणताना आपण उपमा देतोय हे ध्यानातही येत नाही. पिठाचा कोंडा चाळून टाकायचा, केसांतला झटकून. लॅटिनमधल्या ‘फुरफुर’ या शब्दालाही नेमके हेच दोन अर्थ आहेत. (आपल्या फुरफुरणाऱ्या घोड्याशी त्याचा काही संबंध नाही. हौशी व्युत्पत्तिकारांनी लगाम आवरावा.)

जर्मन रसायनज्ञ डोबरायनर यांना फॉर्मिक आम्ल करताना एक तेलकट द्रव मिळाला होता. 1845 मध्ये जॉर्ज फाउन्स या इंग्रज रसायनज्ञाने तोच कोंड्यापासून काढला आणि त्याचं बारसं केलं. कोंडा म्हणून ‘फुरफुर’, तेल म्हणून ‘ओलिअम’, दोन्ही मिळून ‘फरफ्युरॉल’. पुढे ते अल्डिहाइड आहे हे कळल्यावर शेपूट बदलून ‘फरफ्युराल’ झालं.

कृती तशी स्वयंपाकासारखीच. आम्ल घालून वाफेवर शिजवलं की कोंड्यातून झायलोज ही पाच कार्बनांची साखर सुटते. तिच्यातून पाण्याचे तीन रेणू गेले की उरतं फरफ्युराल. 1922 मध्ये अमेरिकेतल्या सीडर रॅपिड्सला क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या टरफलांपासून ते कारखान्यात काढायला सुरुवात केली. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच! भातगिरणीवाला मात्र इथे अडवील: अहो, टरफल म्हणजे तूस, कोंडा त्याच्या आतला. हरकत रास्त आहे, पण बारसं होऊन गेलं होतं. डोमिनिकन प्रजासत्ताकात हेच रसायन उसाच्या चिपाडापासून काढतात, तिथेही ते कोंड्याचंच नाव लावतं.

त्याच नावातून ‘फ्युरॅन’ हा शब्द निघाला. चार कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं हे पंचकोनी कडं. इथे दोन ‘फुर’पैकी एकच उरला, म्हणजे निम्मा कोंडा शब्दातूनही चाळला गेला.

पेट बाटलीला पर्याय म्हणून नेदरलँड्समधली अव्हँटियम कंपनी पीईएफ नावाचं प्लास्टिक पुढे आणते आहे. त्याचं पूर्ण नाव पॉलिएथिलीन फ्युरॅनोएट. त्यासाठी लागणारं फ्युरॅनचं आम्ल फ्रुक्टोजपासून, म्हणजे फळांत असते त्या सहा कार्बनांच्या साखरेपासून करतात. कोंडा त्यात कुठेच पडत नाही. आडनावात तेवढा राहिलाय.