कथेचे यजमान

गेल्या वर्षभरात दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या कार्यक्रमांचा गुणानुक्रम लावण्याची हौस ज्यांना असते, त्यांच्यापैकी काही जण लोकप्रियतेचे आठवडी आकडे पुढे करतात, काही जण नटनट्यांच्या अभिनयाचे मोजमाप काढतात, आणि उरलेले आपल्या आवडीलाच प्रमाण मानून मोकळे होतात. परंतु रात्र जागवून कथा ऐकण्यापाहण्याचा रिवाज ज्या जिल्ह्यात दूरचित्रवाणीच्याच काय, पण विजेच्याही आधी कित्येक पिढ्या नांदत होता, त्या धाराशिव जिल्ह्यातील प्रेक्षकाने परक्या मापांची उसनवारी करावी, हे मला पटत नाही. कथा कोणी सांगविली आणि तिची समाप्ती कोणाच्या हाती होती, हे आमच्याकडचे जुने माप आहे. आणि २०२४ च्या घटस्थापनेपासून २०२५ च्या घटस्थापनेपर्यंतच्या वर्षाचा माझा अनुक्रम मी त्याच मापाने लावला आहे. मात्र तो मांडण्यापूर्वी ह्या मापाचा पूर्वेतिहास सांगणे क्रमप्राप्त आहे.

तुळजाभवानी ज्या घरांची कुलस्वामिनी, त्या घरांत लग्नकार्य पार पडले की गोंधळ घालून देवीचे ऋण फेडावयाचे, असा कुळाचार आहे. आणि तो पार पाडावयास येणारे गोंधळी कदमराई शाखेचे, तर माहूरच्या रेणुकेचे उपासक ते रेणुराई. पाटावर कोरा खण, खणावर धान्याची रास, राशीवर कलश, कलशात विड्याची पाने व नारळ, भोवती पाच उसांचा किंवा ज्वारीच्या धाटांचा मखर आणि शेजारी तेलाने भिजविलेली दिवटी, असा चौक मांडून झाला की संबळावर काडी पडते, तुणतुण्याचा स्वर लागतो, आणि गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेला नाईक प्रथम गणाने, मग गावोगावच्या देवदेवतांच्या आवाहनाने रात्र चढवीत नेऊन, श्रोते स्थिरावल्यावर आख्यानाला हात घालतो. ‘जांभूळ आख्याना’सारखी कथा, जिच्यात पाच पतींच्या द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी उमटलेली अभिलाषा उघडी पडते, ती घरच्या लेकीसुनांसमोर, देवीच्या साक्षीने सांगावयाची, म्हणजे केवढे संयमाचे आणि केवढे धिटाईचे काम! नाईकाचा साथीदार मधूनमधून भाबडे प्रश्न विचारून त्याला अडवितो. त्या अडवणुकीने श्रोत्यांना हसू येते, नाईकाला दम मिळतो, आणि कथेतील अवघड जागाही उलगडते. उजाडू लागले की आरती होते, आणि गोंधळ संपतो.

ह्या सोहळ्याचा यजमान म्हणजे घरधनी. सुपारी त्याने दिलेली, बिदागी त्याने ठरविलेली, आणि तीही एका रात्रीपुरती. त्यामुळे आख्यान लांबविण्यात गोंधळ्याचा लाभ नव्हता आणि ते अर्धवट आटोपण्यात त्याची अब्रू नव्हती. निजामी अंमलात, १९०९ साली, तुळजापूरच्या देवस्थानाच्या कारभारासाठी ‘देऊळ-ए-कवायत’ नावाची नियमावली लिहून ठेवावी लागली. गोंधळाला मात्र अशी लेखी कवायत कधीच लागली नाही, कारण त्याची मुदत सूर्योदयाने आधीच बांधून दिलेली होती.

गोंधळाच्या चौकातून जत्रेच्या मैदानात आलो, की यजमान बदलतो. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यास येडेश्वरीची जत्रा भरते, धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्याचा उरूस भरतो. आणि अशा जत्रा-उरुसांच्या आश्रयाने तमाशाचे फड, कव्वालीच्या मैफली आणि पुढे तंबूतील फिरते चित्रपट ह्या मुलुखात रुजले. येथे खर्च कोणा एका घरधन्याचा नसून तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाचा, म्हणून रुसण्याचा आणि शिट्ट्या वाजविण्याचा हक्कही प्रत्येकाचा. गण, गवळण, बतावणी आणि वग ही तमाशाची चढती भाजणी. तीत मावशीने गवळणींची बाजू कितीही लढविली, सोंगाड्याने बतावणी कितीही ताणली, तरी वगातल्या राजाचा न्याय पहाटेच्या आत होणे भाग असे. तंबूतल्या चित्रपटालाही रिळांची मर्यादा होती; एकच यंत्र असल्यामुळे रीळ बदलताना पडणारा खंड हा प्रेक्षकांच्या चर्चेचा काळ, आणि शेवटचे रीळ संपल्यावर कनात उचलली जाई. कथा सांगविणारे बदलले, पण ज्या रात्री ती सुरू होई त्याच रात्री ती संपत असे, हा शिरस्ता अबाधित राहिला.

दूरचित्रवाणी आमच्याकडे उशिरा आली. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा मराठवाड्याला त्याची बातमी तेवढी वर्तमानपत्रांतून कळली. १९७५-७६ ह्या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा जो प्रयोग झाला, त्यात आमच्या उमरगा तालुक्याला लागून असलेल्या गुलबर्गा जिल्ह्याचा समावेश होता, आमचा नव्हता. म्हणजे हे नवल शिवेपर्यंत येऊन पलीकडेच थांबले. पुढे १९८४ च्या सुमारास लहान क्षमतेची प्रक्षेपण केंद्रे देशभर जवळजवळ रोज एक ह्या वेगाने उभी राहू लागली, आणि घरांच्या माळवदांवर, पत्र्यांवर, क्वचित कडुनिंबाच्या फांदीवरही अँटेना दिसू लागले. चित्रात मुंग्या यायच्या, एक जण वर चढून दांडा फिरवायचा, दुसरा दारात उभा राहून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचा. वीज हमखास दगा देई, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर कृष्णधवल संच चालविण्याची युक्ती गावोगाव रूढ झाली. आणि रविवारी सकाळी बॅटरी संचाला जोडलेली असल्यामुळे ट्रॅक्टर उभा आहे, हे कारण शेतमालकालाही मान्य होत असे, कारण तोही संचासमोरच बसलेला असे.

हा रविवार ‘रामायणा’चा. २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेल्या ह्या मालिकेच्या वेळी ज्याच्या घरी संच असेल त्याचे ओसरी-अंगण सर्वांना खुले असे. चपला बाहेर निघत, संचाला हार घातला जाई, उदबत्ती लागे. नव्या यंत्राला जुन्या चौकाचा मान मिळाला होता, आणि तो कोणी सांगून मिळाला नव्हता. परंतु ह्या कथेचा यजमान अंगण देणारा घरधनी नव्हता, तर सरकार होते. दूरदर्शन तेरा-तेरा भागांच्या हिशेबाने मंजुरी देई. ‘रामायण’ बावन्न भागांसाठी योजलेले होते, ते मुदतवाढ मिळत मिळत अठ्ठ्याहत्तर भागांपर्यंत गेले, आणि त्यानंतरचे ‘महाभारत’ चौऱ्याण्णव भागांत संपले. कथेने मुदतवाढीसाठी अर्ज करावा आणि तो मंजूर व्हावा, हा प्रकार आमच्या गोंधळ्यांना ठाऊक नव्हता. तथापि सरकारचे काही झाले तरी दफ्तर असते, दफ्तराला हिशेब असतो, आणि त्यामुळे त्या कथांना शेवटही होता.

एकदा ह्या जिल्ह्यावर प्रेक्षक म्हणून बसण्याऐवजी पडद्यावर दिसण्याची पाळी आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबर आमच्याकडील सास्तूर परिसरातील गावेही मातीदगडांच्या ढिगाऱ्यांत गेली. त्या दिवसांत देशाने आम्हांला पाहिले. दोन वर्षांचा अनुशेष भरून काढावा तसा पाऊस २०२५ च्या घटस्थापनेच्या सुमारास परंडा-भूम भागात कोसळून पूर आला, तेव्हाही वृत्तवाहिन्यांनी आम्हांला पाहिले. बातमीच्या कथेला यजमान नसतो, पण तिची मुदत दुसऱ्या गावावर येणाऱ्या दुसऱ्या संकटापुरती असते, एवढे त्यातून शिकावयास मिळाले.

खाजगी वाहिन्या १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’च्या रूपाने मराठीत आल्या, आणि यजमान तिसऱ्यांदा बदलला. आता कथा सांगविणारा म्हणजे जाहिरातदार. आणि ज्याचा माल रोज खपावयाचा, त्याला कथाही रोज हवी. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’सारखी आठवड्याची, आटोपशीर मालिका त्या पहिल्या बहरात निघाली खरी, पण २००१ साली सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका चाराऐवजी अकरा वर्षे चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. गोंधळ्याचा साथीदार कथा उलगडण्यासाठी अडवणूक करी. जाहिरातीची अडवणूक यजमानासाठी होते, आणि कथेलाच तिच्या सोयीने वळावे लागते. आमच्या घरांत संध्याकाळी सातपासून रात्री दहापर्यंत जी शांतता नांदते, ती ह्या नव्या यजमानाच्या खर्चाने.

एवढा पूर्वेतिहास ध्यानात घेतल्यावर माझा अनुक्रम कोणाला विक्षिप्त वाटू नये. पहिले स्थान मी ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ ह्या सोनी मराठीवरील कार्यक्रमाला देतो. २०१८ पासून चालत आलेल्या ह्या कार्यक्रमातील सगळी प्रहसने सारख्या तोलाची नसतात, काही तर निव्वळ आरडाओरड्यावर निभावतात. पण प्रत्येक प्रहसन ज्या बैठकीला सुरू होते त्याच बैठकीला संपते, आणि त्यात बतावणीची जुनी चाल, म्हणजे एकाने शहाणपण सांगावे व दुसऱ्याने त्याचा शब्दशः अर्थ घेऊन ते पाडावे, ही आजही शाबूत आहे. कार्यक्रम अखंड, पण कथा मुदतीची, असा तोडगा त्यांनी काढला आहे.

दुसरे स्थान ‘आई तुळजाभवानी’चे. कलर्स मराठीवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, घटस्थापनेलाच, ही मालिका सुरू झाली. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती मंदाकिनीच्या तीरी तप करीत असता कुकुर दैत्याने तिचा तपोभंग केला आणि तिच्या हाकेसरशी देवी धावून आली, ही आमच्या बालाघाटातील कथा कोणताही जाणता गोंधळी पहाटेच्या आत पुरी करतो. मालिकेने तिला पुष्कळच वळसे दिले. देवीचे तेज दाखविताना संगणकाच्या करामतीवर जो भर आहे, तो ज्यांनी चरणतीर्थाच्या वेळी गाभाऱ्यात उभे राहून मूर्ती पाहिली आहे त्यांना अनावश्यक वाटेल. तरीही तिला मी दुसरी ठेवतो, कारण देवीच्या पलंगावरील मंचकी निद्रेसारख्या उपचारांचे अप्रूप जिल्ह्याबाहेरच्या घरांत निर्माण व्हावयास अशी कथा उपयोगी पडते, आणि कुलदेवतेच्या कथेत ऐकणाऱ्याचाही थोडा यजमानपणा शिल्लक राहतो.

तिसरे स्थान स्टार प्रवाहच्या ‘ठरलं तर मग’चे. डिसेंबर २०२२ पासून चालू असलेल्या ह्या मालिकेत खुनाच्या आरोपात सापडलेल्या मधुभाऊंचा खटला हा कथेचा कणा. तो किती तारखांना पुढे ढकलला गेला, ह्याची मोजदाद कोणी करू नये. परंतु ज्या भागातील जमिनीचे दावे आजोबाने दाखल करून नातवाने निकालात काढलेले आहेत, तेथे हा दिरंगाईचा दोष वास्तवदर्शनाचा गुण म्हणून खपून जातो. चौथे ‘लक्ष्मी निवास’. झी मराठीवर २३ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेली, रोज तासाभराची ही मालिका मूळ कन्नड, आणि उमरग्याकडील कन्नड जाणणाऱ्या घरांना मूळ व मराठी अशा दोन्ही पाहून तुलना करण्याची सोय आहे. स्वतःचे घर बांधण्याची मध्यमवर्गीय आस हा विषय खरा आणि जिव्हाळ्याचा. पण घराच्या पायापेक्षा भागांची संख्याच वेगाने वाढते.

शेवटचे स्थान ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचे, आणि येथे माझ्याच मापाची परीक्षा होते. ह्या पर्वाची मुदत ठरलेली होती. २८ जुलै २०२४ ला सुरू होऊन सत्तर दिवसांनी, नवरात्रातच, ते संपले आणि बारामती तालुक्यातील सूरज चव्हाण ह्या गरिबीतून वर आलेल्या तरुणाच्या विजयाचा आनंद आमच्याकडील वाड्यावस्त्यांनाही झाला. मग तळाला का? कारण तेथे दिवस संपतात, कथा संपत नाही. भांडणांची रास पडते, पण त्या राशीवर कलश मांडणारा कोणी नाईक नसतो. केवळ मुदत असून भागत नाही, त्या मुदतीत काही पूर्णत्वाला जावे लागते.

आता आजच्या प्रेक्षकाला निव्वळ फुकट्या श्रोता म्हणता येणार नाही. केबलचे पैसे भरणारा, डिशचा रिचार्ज मारणारा, मोबाईलवर वर्गणी देऊन मालिका पाहणारा प्रत्येक जण बिदागीतील आपला वाटा देतच असतो. फक्त समाप्तीविषयी बोलण्याचा जो हक्क गोंधळाच्या घरधन्याला होता, तो त्याने न मागता सोडून दिला आहे. सुपारी देतानाच रात्र किती हे ठरविण्याचा जुना दस्तूर वाहिन्यांनी उचलला आणि मालिका किती भागांची हे पहिल्या दिवशीच जाहीर केले, तर त्यात प्रेक्षकापेक्षाही लेखकाचे हित अधिक आहे. कारण कथा कोठे थांबावयाची हे ज्याला आरंभीच ठाऊक असते, त्यालाच तिचे मधले दुवे नीट बसविता येतात.