दोनाचे चार हात

उपवर मुलाची चाल ठीक नाही, अशी कुजबुज झाली की घरातले एखादे वडीलधारे माणूस म्हणतेच, “दोनाचे चार हात झाले की येईल ताळ्यावर!” हा समज केवळ आपल्याच माजघरातला नव्हे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडातही, सुधारलेला रंगेल पुरुष उत्तम नवरा होतो, असे पुष्कळजण मानीत. सॅम्युएल रिचर्डसनच्या ‘पामेला’ (१७४०) या कादंबरीत सद्गुणी दासी धन्याला वळणावर आणून त्याची पत्नी होते. मात्र याच लेखकाने पुढे ‘क्लॅरिसा’च्या प्रस्तावनेत हा समज घातक आहे, असे बजावले.

तो किती घातक, हे मला ॲनाबेला मिलबँकच्या चरित्रात दिसते. ही मुलगी धर्मशील आणि गणितात रमणारी. १८१२ साली कवी लॉर्ड बायरनने तिला मागणी घातली. तिच्याच आतेभावाच्या बायकोशी त्याचे प्रकरण त्या वर्षी लंडनभर गाजले होते. तिने नकार दिला. पण पुढे पत्रव्यवहार वाढला आणि आपण याला सन्मार्गाला लावू, असे तिच्या मनाने घेतले. २ जानेवारी १८१५ रोजी लग्न झाले. ती बावीस वर्षांची, तो सव्वीस वर्षांचा.

मग दारी सावकार, घरात मद्य, संताप आणि बाहेर एका नटीशी संबंध. डिसेंबरात मुलगी झाली, एडा. पाच आठवड्यांचे ते लेकरू घेऊन ॲनाबेला १५ जानेवारी १८१६ रोजी माहेरी निघाली. त्या काळच्या कायद्याने मुलावर हक्क बापाचा. घटस्फोटाला पार्लमेंटचा कायदा लागे. लेक हिरावली जाण्याची भीती खरी होती. एप्रिलात विभक्ततेचा करार झाला आणि बायरन देश सोडून गेला. इटलीतही त्याची प्रकरणे थांबली नाहीत. लोकांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिलाच थंड काळजाची ठरवले.

या समजातली खरी मेख हीच, असे मला वाटते. नवरा सुधारला तर पुण्याई बायकोची, न सुधारला तर उणीवही तिचीच. त्याच्याकडे कुणी हिशेबच मागत नाही! माणसे सुधारतात, नाही असे नाही. पण स्वतः मनावर घेतात तेव्हा. बायको म्हणजे सुधारशाळा नव्हे.

एडाला आईने गणित शिकवले. १८४३ साली बॅबेजच्या गणनयंत्रावर तिने लिहिलेली टिपणे आज जग वाचते.

आता तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होईल. मुलाची पत्रिका पाहाल, पगार विचाराल. त्याची वागणूकही आधीच विचारा. अक्षता पडल्यावर ती बदलेल, या भरवशावर लेक देऊ नका.